स्टीलच्या डब्यातली नागली

"पण समितीनं तिचंच का घेतलं, बाबा?"

विश्राम खैरनारने चपला काढायच्या आधीच विचारलं.

राज्याचं नवं अन्नधोरण ठरत होतं. पाऊस दगा देईल त्या वर्षीही ताटात भाकरी राहावी, यासाठी काय करायचं ते त्यात लिहायचं होतं. विश्रामने चौदा वर्षं खपून नागलीचं, म्हणजे नाचणीचं, एक वाण काढलं होतं. समितीने ते बाजूला सारलं आणि दमयंती गावितची योजना उचलली.

दोघंही सोमाबाबांचे शिष्य. बाबा डोंगरातल्या पाड्यावर राहायचे. लिहिता-वाचता येत नव्हतं, पण दाणा दाताखाली धरून तो कुठल्या मातीत तगेल ते सांगायचे. कॉलेजात असताना दोघं सुट्टीत त्यांच्याकडे शिकायला यायची.

बाबा ओसरीवर जात्याशी बसले होते.

"तिचं काय हाय?"

"काही नाही! बी घरोघरी मडक्यांत ठेवायचं आणि एकमेकांना वाटायचं. झाली योजना. याला संशोधन म्हणतात?"

"आन् तुझं?"

"माझं वाण दोन पावसांवर येतं. तिच्या कुठल्याही नागलीपेक्षा दीडपट पिकतं. समिती तुमचं ऐकते, तुम्ही फक्त एक शब्द सांगा."

बाबांनी जातं पुसायला घेतलं.

विश्रामला राहवेना. "दोन वर्षांपूर्वी पुरात तिच्या घरचं सगळं बी गेलं. खरं सांगतो बाबा, मला बरं वाटलं. त्या दिवशी दोन घास जास्त जेवलो. आणि पुढच्या हंगामात बघतो तर बाईंच्या शेतात नागली उभी! तिनंच कधीतरी वाटलेलं बी चार पाड्यांवरच्या लोकांनी परत आणून दिलं म्हणे."

मत्सर शिकल्यासवरल्या माणसाला शोभत नाही म्हणतात. खरं तर त्यालाच तो नीट जमतो. सगळं तारीखवार लक्षात ठेवतो.

"बी आणलंस?"

विश्रामने पिशवीतून स्टीलचा डबा काढला. "सगळंच आणलंय. ऑफिसात ठेवलं असतं तर कुणीतरी तिला नेऊन दिलं असतं."

बाबांनी दोन दाणे दाताखाली धरले आणि डोळे मिटले.

"चांगलं हाय."

"तिच्यापेक्षा?"

"तिच्यापरीस चांगलं."

विश्रामचा चेहरा उजळला. असा तो कित्येक महिन्यांत उजळला नव्हता.

बाबांनी डबा जवळ ओढला, मूठभर बी घेतलं आणि जात्यात वैरलं.

"बाबा!" विश्रामने जात्याचा खुंटा दोन्ही हातांनी धरला. "हे काय करताय?"

"भाकरी. उन्हातनं आलास, जेवून जा."

"अहो, बियाणं आहे ते! दुसरीकडे कुठेही नाही!"

"कुठंच?"

"कुठंच नाही."

"मंग दमयंतीचं बी कुणी दळाया घेतलं, तर ती अशी घाबरंल का?"

विश्रामचे हात खुंट्यावर तसेच राहिले. उत्तर त्याला ठाऊक होतं. तेच त्याला सहन होत नव्हतं.

शेवटी विश्रामने खुंटा सोडला.

"काय करू मग?" आवाज उतरला होता.

"पाड्याची रीत. पेरायच्या आधी पयली मूठ दुसऱ्याच्या घरी."

"तुम्ही ठेवून घ्या."

बाबांनी नकारार्थी मान हलवली.

"मग कुणाला देऊ?"

"दमयंतीला."

"तिला? आणि तिनं स्वतःचं नाव लावलं तर?"

"लावंल."

विश्राम डब्याकडे बघत राहिला. इतकी वर्षं जपलेली नागली, आणि तिच्या मडक्यात...

"आणि उद्या माझ्याकडचं संपलं तर?"

बाबांनी जात्याच्या तोंडातले दाणे एकेक करून वेचले. डब्यात टाकले.

"तर मागाया एक दार तरी ऱ्हाईल."