सोळा जागांचा सर्व्हर

“मग कुणाचं कनेक्शन तोडू, तात्या? नाव सांगा, एका बटणाचं काम आहे.”

तात्या गुरवांनी नुसती मान हलवली.

सुश्रुत बारटक्केला पुण्याहून येऊन पंधरा दिवस झाले होते. धरणांच्या नियंत्रण कक्षातला सर्व्हर तो तात्यांकडून शिकत होता, म्हणजे खरं तर तात्यांनाच शिकवत होता. त्या सर्व्हरला सोळा जागा. नदीवरची सगळी माणसं आपापल्या टर्मिनलवरून त्यात शिरायची, पाण्याचे आकडे टाकायची, धरणाचे दरवाजे हलवायची. सतरावा आला की त्याला बाहेरच थांबावं लागे.

सुश्रुतने आल्या आल्या एक पडदा तयार केला होता. कोण आत आहे, कोण काय टाइप करतंय, कोण नुसतंच बसलंय, सगळं त्यावर दिसे. त्याला त्या पडद्याचं फार कौतुक. मलाही होतं, खोटं कशाला बोलू.

त्या दुपारी वायरलेसवर मी होतो. उंबऱ्याच्या धरणावरून सगुणाबाई लोखंडे ओरडत होत्या, “अवो, आत घेईना मला! पाणी बांधाच्या माथ्याला हातभर राहिलंय. हातानं दरवाजा फिरवायचा तर दीड तास जाईल!”

बांधाखाली दोन वाड्या होत्या.

“खडकीवाल्याचं तोडतो,” सुश्रुत म्हणाला. “चाळीस मिनिटं एक अक्षर टाइप केलेलं नाही त्यानं.”

“उंटावरून शेळ्या हाकू नकोस,” तात्या म्हणाले. “तो पाण्याचा आकडा वाढायची वाट बघतोय. वाढला की खालच्या गावाला तोच सांगणार.”

“मग पिंपळदरीवाल्याचं?”

“त्याचा दरवाजा अर्ध्यावर आहे.”

“कुणीतरी एक बाहेर जायलाच हवा, तात्या! बाईंना आत घेतल्याशिवाय मी इथून उठणार नाही.”

“उठू नकोस.” तात्या पडद्याजवळ आले. त्यांनी यादीवर बोट ठेवलं. “वाच. मोठ्यानं. कोण काय करतंय तेही सांग.”

बोट एकेका नावावरून खाली सरकू लागलं. सुश्रुत भराभर वाचत गेला. पंधराव्या नावाशी तो थांबला. बोट मात्र आणखी खाली गेलं.

“हा?”

“...तो मी.”

“काय करतोय?”

“बघतोय.”



सुश्रुतचा चेहरा उतरला. “पण मी बाहेर पडलो तर पडदा बंद होईल. कोण चुकतंय, कुणाला काय हवंय, काही कळणार नाही. मग राखण कुणी करायची?”

तात्यांनी बोट उचललं नाही.

वायरलेसवर सगुणाबाई पुन्हा हाका मारायला लागल्या. सुश्रुतने ओठ आवळले आणि स्वतःचंच कनेक्शन तोडलं. पडदा काळा झाला.

दोनेक मिनिटं गेली असतील.

“शिरले!” सगुणाबाई ओरडल्या. “उचलतेय दरवाजा... उचलला, उचलला!”

मी टेबलावर डोकं टेकलं. थोडा रडलोही.

सुश्रुत अजून त्या काळ्या पडद्याकडेच बघत होता. “तात्या, आता मला काहीच दिसत नाही.”

तात्या चष्मा पुसत आपल्या खुर्चीत जाऊन बसले.

“आता कुठे तू राखणीला लागलास.”