कोरड्या पायांचा राजा

एका राज्यात नदी खाली होती आणि राजा वर, थेट डोंगरमाथ्यावर. काठच्या वस्तीला पुरापासून सावध करणारा नगाराही वरच, राजाच्या दारात. राजाच्या आजाने एका मांत्रिकाचा अपमान केला होता, तेव्हापासून नगाऱ्याला शाप होता: राजाचे पाय नदीत भिजल्याशिवाय तो वाजायचा नाही. दरसाल पूर येई, माणसे नेई, नगारा मुका राही. पाणी ओसरले की राजा पालखीतून खाली येऊन विधवांना लुगडी वाटे आणि दरबारी म्हणत, "केवढे हे दयाळू मन!" जळो ते मन!

त्या वर्षी टिटवीने अंडी नदीच्या वाळूत न घालता उंच टेकाडावर घातली. गिरजा नावाडीण थबकली. मागल्या पुरात तिचा नवरा गेला होता. घरात दोन लेकरे उरली होती.

"टिटवीबाई, एवढ्या उंच?"

"यंदा पाणी तुझ्या आढ्याला लागेल," टिटवी म्हणाली. "मला पंख आहेत, तरी मी आधीच हलले."

गिरजा तडक त्याच, आता शंभरी ओलांडलेल्या मांत्रिकाकडे गेली. "शाप राजाला दिलास, मेलो आम्ही. हा कुठला न्याय?"

मांत्रिक वरमला. "चुकलो. राजाने तीन कामे करावीत. पायी डोंगर उतरावा. नदीत उभे राहावे. नगाऱ्याच्या टिपऱ्या काठच्यांच्या हाती द्याव्यात."

गिरजाने हे दरबारात सांगितले. प्रधान हसला. "महाराजांनी चिखल तुडवावा? नदीच वर आणू." सोन्याच्या घंगाळात पाणी आले. राजाने पाय बुडवले. नगारा ढिम्म. दरबाऱ्यांनी मात्र टाळ्या वाजवल्या. निर्लज्ज मेले!

गिरजा कडाडली, "महाराज, आमची प्रेते पाहायला उतरता. आम्ही जिवंत असताना उतरवत नाही?"

राजा उठला, अनवाणी डोंगर उतरला आणि नदीत उभा राहिला. पाण्याची ओढ त्याला जन्मात पहिल्यांदा कळली. तेवढ्यात नगारा डोंगरावरून हवेत तरंगत आला आणि काठावर टेकला.

कमरेला खोचून आणलेल्या टिपऱ्या काढून राजा म्हणाला, "घे. मात्र वाजवण्याआधी आमची आज्ञा घ्यावी."

"आज्ञा आणायला मी डोंगर चढेन, महाराज. तोवर पाणी थांबेल?"

पाणी राजाच्या गुडघ्यांना लागले होते. त्याने अट सोडून टिपऱ्या दिल्या. शाप तुटला, नगारा घुमला. वस्ती गुराढोरांसह टेकाडावर चढली. संध्याकाळी गिरजाचे आढे बुडाले, तेव्हा दोन्ही लेकरे तिच्या कुशीत होती. त्या पुरात माणूस एकही गेला नाही. एवढेच तर करायचे होते! त्यासाठी तीन पिढ्या बुडवल्या!

पुढे एका वर्षी गिरजाने नगारा वाजवला आणि पूर आलाच नाही. लोक टेकाडावर भाकरी खाऊन कुरकुरत घरी परतले. "खोटा नगारा! शिक्षा करा!" प्रधान ओरडला.

राजाने विचारले, "सगळे घरी पोचले का?"

"पोचले, महाराज," प्रधान म्हणाला.

"मग शिक्षा कशाची?"

टिपऱ्या गिरजाकडेच राहिल्या.