केर भरायची सुपली

फार जुनी गोष्ट. तेव्हा वस्तू बोलत आणि माणसं त्यांचं ऐकूनही घेत. एका शाळेत तेलाचा डबा तिरका कापून केलेली सुपली होती. वर्गातला केर भरणं हे तिचं रोजचं काम.

विज्ञान प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी सातवीतली शर्वाणी तिला रंगवायला बसली. "हिची फुलदाणी करते. टाकाऊतून टिकाऊ."

"टाकाऊ कोण?" सुपली खवळली. "मी रोज कामावर असते. हे नाव लावशील तर रंगाचा थेंबही अंगावर टिकू देणार नाही."

टेबलावर थर्माकोलचा पृथ्वीगोल होता. त्याच्यावर चमकीने 'कचरा कमी करा' असं लिहिलं होतं. तो हसला. "अगं, मिरवायला मिळतंय तर मिरव की. मी कालच दुकानातून आलो आणि बक्षिसाला उभा राहिलो."

"तू मिरव," सुपली म्हणाली आणि तिने तेलकट अंगावरून सगळा रंग ओघळू दिला. शर्वाणीने वैतागून तिला दाराआड टाकलं.

पृथ्वीगोलाला पहिलं बक्षीस मिळालं. पाहुणे चहा पिऊन गेले. एवढा मोठा गोल ठेवायला मात्र कोणाच्याच घरी जागा नव्हती, म्हणून मुलांनी तो मोडला. शर्वाणीने तुकडे झाडून एकत्र केले आणि सुपली आणून त्यांच्यापुढे टेकवली.

"भर ना," शर्वाणी म्हणाली.

"भरते की. पण आधी सांग, टाकाऊ कोण?"

शर्वाणीने चमकीने माखलेल्या हातांनी तिला पुढे ढकलून पाहिलं. सुपली जमिनीला घट्ट चिकटून बसली. उत्तर मिळेपर्यंत ती हलली नाही.