सगळ्यांच्या मापाचा लेख

एकदा एक विद्यार्थिनी आपल्या गुरुजींच्या दारात अक्षरशः धावत आली. धाप लागलेली, पदर निसटलेला आणि हातात चार पानांचा लेख. "गुरुजी, झाला! एका बैठकीत झाला!" एवढंच तिला म्हणता आलं. आपल्याला लिहिता येतं असं पहिल्यांदा वाटतं तेव्हा माणूस असाच धावत सुटतो. मला तो क्षण फार प्रिय आहे, जरी पुढे बहुधा फजिती वाढून ठेवलेली असली तरी.

गुरुजी म्हणजे त्या गावातले वयोवृद्ध लेखक. वाचनालयाच्या माडीवर ते चार-सहा जणांना लेखन शिकवीत, आणि त्या महिन्यात व्यक्तिचित्र हा विषय चालू होता. कामही तसंच चालून आलं होतं. पेठेच्या कोपऱ्यावर पन्नास वर्षं बायकांना बांगड्या भरणाऱ्या अंजिराबाई कासारणीचे हात आता थरथरू लागले होते. शनिवारी संध्याकाळी वाचनालयात तिचा सत्कार व्हायचा होता, आणि रविवारी सकाळी ती कायमची लेकीच्या गावी जाणार होती. सत्कारात तिच्यावरचा लेख वाचण्याचा मान या विद्यार्थिनीला मिळाला होता. अंजिराबाईला अक्षरओळख नव्हती. आपल्याविषयी कुणी काही लिहिलेलं ती जन्मात पहिल्यांदा, आणि बहुधा शेवटचं, ऐकणार होती.

गुरुजींनी लेख सावकाश वाचला. 'हलाखीच्या परिस्थितीशी झुंज देत', 'अहोरात्र कष्ट उपसून', 'हसतमुख आणि मनमिळाऊ स्वभाव', 'प्रत्येकाच्या सुखदुःखात सहभागी', 'गावाचं भूषण'. सगळं जिथल्या तिथे होतं. वाचून झाल्यावर ते म्हणाले, "अक्षर सुरेख आहे."

मग त्यांनी एक विचित्रच गोष्ट केली. लेखणी उचलून अंजिराबाईचं नाव खोडलं. 'बांगड्या' हा शब्द चार पानांत दोनदाच आला होता, तोही खोडला. जिथे जिथे 'त्या' होतं तिथे 'ते' केलं. आणि पायांत वहाणा सरकवत म्हणाले, "चल, पेठेत जाऊ."

पहिल्यांदा ते पिठाच्या गिरणीवाल्याकडे थांबले. "दोन मिनिटं ऐका आणि हे कुणावर लिहिलंय ते सांगा," एवढं म्हणून त्यांनी पहिलं पान वाचलं. गिरणीवाल्याने पट्टा बंद केला. पापण्यांवर पीठ आणि पापण्यांखाली पाणी. "गुरुजी, माझ्यावर एवढं कोण लिहिणार हो? पण अगदी खरं आहे. एक प्रत द्या, फ्रेम करून लावतो."

मग मुख्याध्यापक. त्यांनी डोळे मिटून पान ऐकलं आणि संकोचून म्हणाले, "माझ्या निवृत्तीला अजून दोन वर्षं आहेत. आत्ताच कशाला?"

शेवटी गुरुजी मुद्दाम किराणा दुकानदाराकडे वळले. हा गृहस्थ सख्ख्या भावाशी बारा वर्षं बोलला नव्हता, आणि सुटे पैसे मागणाऱ्या गिऱ्हाइकाच्या अंगावर धावून जायचा. 'मनमिळाऊ स्वभाव' येताच त्याने गादीवर बैठक सावरली. 'प्रत्येकाच्या सुखदुःखात सहभागी' ऐकून तो गहिवरला. म्हणाला, "चला, या गावात एकाने तरी मला ओळखलं!"

विद्यार्थिनीला हसावं की रडावं कळेना. रस्त्यात ती थांबलीच. "गुरुजी, चूक झाली असेल, पण भर पेठेत अशी थट्टा? मी अंजिरामावशींसमोर तीन तास बसले होते. तेवीस प्रश्न विचारले. जन्म, लग्न, मुलं, अडचणी, संदेश, सगळं विचारलं!"

"थट्टा नाही, बाळ," गुरुजी म्हणाले. "तुझा लेख गिरणीवाल्याला झाला, मुख्याध्यापकांना झाला, त्या दुकानदारालासुद्धा झाला. जो कुणालाही होतो, तो अंजिराबाईचा कसा? गुण सगळ्यांकडे सारखेच असतात. निदान प्रत्येकाला तसं वाटतं. वेगळी असते ती त्या माणसाची रीत. तो काम करताना कुठे पाहतो, कुठे थांबतो, काय बोलायचं टाळतो. शनिवारी अंजिराबाईने हा लेख ऐकला तर ती टाळ्या वाजवील आणि शेजारणीला विचारील, ही बाई कोण गं? ते मला होऊ द्यायचं नाही. अजून तीन दिवस आहेत. पुन्हा जा. आणि ती प्रश्नांची वही घरी ठेव."

ती गेली. रागात गेली, हेही सांगितलं पाहिजे. अंजिराबाई चटईवर बसली होती, समोर दोऱ्यात ओवलेले बांगड्यांचे तोडे मांडलेले. विद्यार्थिनीला पाहताच ती म्हणाली, "आलीस व्हय? आज वही न्हाई आणली?"

"नाही, मावशी. त्या दिवशी तुम्ही 'व्हय', 'न्हाई' एवढंच बोललात. माझं काही चुकलं का?"

"चुकायचं काय त्यात? हातात हात असल्याबिगर मला बोलताच येत न्हाई. पन्नास वरसांची खोड हाय. आन् तुज्या हातात लेखणी. मी धरू काय?"

विद्यार्थिनी चटईवर बसली आणि तिने उजवा हात पुढे केला. या हातात बांगडी नव्हती, फक्त शाईचा एक डाग होता.

अंजिराबाईने तो हात दोन्ही तळव्यांत घेतला आणि हलकेच दाबला. मग तोड्यातून हिरव्या बांगड्या उचलल्या. त्या इतक्या लहान दिसत होत्या की विद्यार्थिनी म्हणाली, "मावशी, या नाही जायच्या. थोड्या मोठ्या द्या."

"मोठी समद्यांच्या हातात जाती पोरी, आन् भांडी घासताना पडती. मापाचीच घालायची. सैल सोड हात." मग तिने हाताकडे पाहिलंच नाही. सरळ विद्यार्थिनीच्या डोळ्यांत पाहून विचारलं, "लहानपणी तुला भ्या कशाचं वाटायचं गं?"

असा प्रश्न! विद्यार्थिनी चकित झाली. मग आठवू लागली, मग सांगू लागली. आजोळच्या घरामागे एक आड होता, त्यात वाकून स्वतःच्या नावाने हाक मारली की आतून कुणीतरी त्याच नावाने उलट हाक मारायचं, आणि तिला वाटायचं, आत दुसरी एक मुलगी अडकली आहे. हे तिने कुणालाही कधीच सांगितलं नव्हतं. सांगता सांगता तिला हसू आलं, डोळेही भरले, आणि तिने खाली पाहिलं तर मनगटावर सहा बांगड्या किणकिणत होत्या. केव्हा चढल्या, कळलंच नाही.

"बांगडी घालताना बाई बांगडीकडं बघाया लागली की हात आवळती," अंजिराबाई म्हणाली. "तिला दुसरीकडं न्यावं लागतं. जिथं तिचा जीव रमंल तिथं."

मित्रहो, त्या विद्यार्थिनीच्या अंगावर त्या क्षणी सर्रकन काटा आला! तिने तीन तास तेवीस प्रश्न विचारून जे मिळवलं नव्हतं, ते या निरक्षर बाईने एका प्रश्नात तिच्याचकडून काढून घेतलं होतं. गुरुजी तीन आठवडे जे शिकवत होते, ते इथे चटईवर पन्नास वर्षं चाललं होतं.

मग ती तीन दिवस तिथेच बसून राहिली. बांगडी फुटली तर अंजिराबाई 'फुटली' म्हणत नसे, 'वाढली' म्हणे, आणि ओल्या फडक्याने काचेचा कण न् कण स्वतः टिपून घेई. ती चेहरे विसरे, मनगटं नाही. नव्या नवरीला ती सासरबद्दल कधीच विचारीत नसे, माहेरच्या म्हशीबद्दल विचारी. एक प्रौढ बाई मात्र तिन्ही दिवशी आली. तिचे हात आधीच भरलेले होते. अंजिराबाईने तिच्या दोन बांगड्या साबण लावून हळूहळू उतरवल्या, आणि त्याच दोन हळूहळू परत चढवल्या. तेवढा वेळ ती बाई खाली मान घालून बोलत राहिली. ती गेल्यावर अंजिराबाई एवढंच म्हणाली, "तिला बांगड्या कमी न्हाईत. बोलाया मानूस कमी हाय."

शनिवारी वाचनालय गच्च भरलं. गुरुजींनी विद्यार्थिनीच्या कानात सांगितलं, "नाव शेवटपर्यंत घेऊ नकोस." ती उभी राहिली. तिने वाचायला सुरुवात केली: "तिला तुमचा चेहरा आठवत नाही. पण हात पुढे करा, ती तुमचं नाव सांगेल."

दुसरं वाक्य संपण्याआधी बायकांत खसखस पिकली. "माहेरचा आड लांब होता का जवळ, माहेरची म्हैस दूध किती देते, हे ती विचारते तेव्हा..." आणि मागच्या बाकावरून कुणीतरी ओरडलं, "अगं बाई, ही तर आपली अंजिरामावशी!" मग सगळं सभागृह हसू लागलं, आणि हसता हसता प्रत्येक बाई आपल्या मनगटाकडे पाहू लागली. गिरणीवाला आणि मुख्याध्यापक पहिल्या रांगेत होते. त्यांना हा लेख आपल्यावर आहे असं क्षणभरही वाटलं नाही, पण दोघेही जागेवरून हलले नाहीत.

अंजिराबाई मात्र हसली नाही. ती पुढे झुकून ऐकत होती, एकेक शब्द.

वाचन संपलं. विद्यार्थिनी तिच्यापाशी जाऊन वाकली. अंजिराबाईने तिचा हात धरला. म्हातारीचे हात थरथरत होते, आणि तरुण हात आवळलेला होता.

"सैल सोड," अंजिराबाई म्हणाली. मग तिच्या कानाशी लागून हळूच म्हणाली, "मापाचं झालं गं पोरी. मीच हाय ती." तिने पुन्हा तो हात दाबला. "आन् त्या बाईचं न्हाई लिवलंस. ते लई बरं केलंस."

गुरुजी खिडकीपाशी उभे होते. त्यांना काही ऐकू आलं नाही, पण विद्यार्थिनीचा चेहरा दिसला. त्यांनी खिशातून चार पानांचा तो जुना लेख काढला आणि परत तिला देण्याचा विचार सोडून दिला. दुसऱ्या दिवशी त्यांनी तो गिरणीवाल्याला फ्रेम करायला देऊन टाकला.