तंबोरा आणि आलोचरावाचं ‘लवकर’

नदीकाठच्या एका गावात एक गाडीवान राहत असे. बैल दणकट, गाडी मजबूत, माणूस प्रामाणिक. त्याच्या गाडीतून कधी कुणाचं मडकं फुटलं नाही की गुळाची ढेप हरवली नाही. खोड एकच होती. माल कधी पोचेल असं विचारलं, की तो दिवस म्हणून सांगायचा नाही. “लवकर पोचतो”, “निघालोच समजा”, “हा आलोच” एवढंच त्याच्या तोंडी असायचं. म्हणून गावाने त्याच्या माघारी त्याचं नाव आलोचराव ठेवलं होतं. ते त्याला ठाऊक होतं आणि त्याचं त्याला काही वाटत नव्हतं.

त्याच्या बायकोला मात्र वाटायचं. ती म्हणायची, “तुम्ही खोटं बोलत नाही, हे खरं. पण खरंही सांगत नाही.”

आलोचरावाचं यावर उत्तर ठरलेलं होतं. गावाच्या दुसऱ्या टोकाला आणखी एक गाडीवान होता. विचारलं की तो आकडा सांगायचा. दहा दिवस तर दहा, बारा तर बारा. दहा ऐकलं की गिऱ्हाईक तोंड वाकडं करायचं आणि आलोचरावाच्या दारात यायचं. इथे त्याला ‘लवकर’ मिळायचं. मग पोचायला बारा दिवस का लागेनात, जाताना तरी माणूस खूश होऊन जायचा. आलोचराव म्हणायचा, “आकडा सांगितला की लोक तो खुंटीला टांगून ठेवतात आणि रोज बघतात. ‘लवकर’ कुणाला टांगता येत नाही.”

त्याच गावात तंबोरे करणारे एक म्हातारे कारागीर होते. सगळे त्यांना चाचा म्हणत. चाचांचा तंबोरा झाला असं कधी पटकन व्हायचं नाही. भोपळा निवडायचा, महिनोन्‌महिने वाळवायचा, त्याच्या तोंडावर लाकडाची पातळ तबली बसवायची, मग दांडी, खुंट्या, आणि शेवटी चार तारा. तारा ज्या हस्तिदंती पट्टीवरून जातात तिला घोडी म्हणतात. ती घासून घासून सूर घुमेपर्यंत चाचा जेवायलाही उठत नसत.

त्या साली चाचांकडे डोंगरावरच्या एका गावातून मागणी आली होती. तिथे गाणारी एक बाई होती. तिचा जुना तंबोरा किड्यांनी खाल्ला होता. मार्गशीर्ष पौर्णिमेला डोंगरावरच्या देवळात रोज गाणारं माणूस निवडायचं होतं. ज्याची निवड होईल त्याला देवळामागची खोली आणि वर्षाचं धान्य मिळायचं. बाई भावाच्या घरी राहत होती. भाऊ वाईट नव्हता, भावजयही वाईट नव्हती. पण घर त्यांचं होतं, आणि सकाळचा रियाज तिला गोठ्यात बसून, आवाज दाबून करावा लागे. तिला आपली एक खोली हवी होती. बस, एवढंच.

तंबोरा तयार झाला तेव्हा षष्ठी उजाडली होती. चाचांनी आलोचरावाला बोलावलं.

“डोंगरावर न्यायचाय. किती दिवस लागतील?”

“लवकर नेतो चाचा.”

“अरे, लवकर नको सांगू. दिवस सांग. चार दिवसांच्या आत पोचणार असेल तर तारा चढवून, सूर लावून देतो. गाडीतून उतरवला की बाईला लगेच गाता येईल. जास्त लागणार असतील तर तारा उतरवायला हव्यात, घोडी काढून वेगळी बांधायला हवी. चढलेल्या तारांचा ताण तबलीवर असतो. त्यात दिवसा ऊन, रात्री थंडी. फार दिवस राहिला तर तबली उलते, चीर जाते.”

आता आलोचरावाला आकडा पक्का ठाऊक होता. सरळ रस्त्याने चार दिवस. पण त्याने दोन बाजारगावांचा गूळ आधीच गाडीत भरला होता, आणि ती गावं आडवाटेला होती. गूळ उतरवत गेलं की होतात आठ. आठ म्हटलं असतं तर चाचा कदाचित दुसऱ्या गाडीवानाकडे गेले असते. आणि आठ हा आकडा तोंडातून काढायची त्याला सवयच नव्हती.

“लवकर म्हणजे लवकरच,” तो म्हणाला.

“म्हणजे तीन-चार दिवस?”

“त्याच्याच आसपास.”

चाचा म्हातारे झाले होते, तंबोरा मनासारखा उतरला होता, आणि बाईने तो उतरवल्या उतरवल्या छेडावा अशी त्यांची फार इच्छा होती. माणसाला जे हवं असतं ते त्याला ऐकू येतं. त्यांनी चारही तारा चढवल्या, सूर लावला, तंबोरा गोधडीत गुंडाळला आणि पेंढ्यात नीट बसवला. तेवढ्यात डोंगराकडे पायवाटेने निघालेला एक गोसावी भेटला. त्याच्याजवळ त्यांनी बाईला निरोप दिला, “तंबोरा निघाला आहे. लवकर पोचेल.”

गोसावी झपाझप चालणारा होता. नवमीला तो डोंगरावर पोचला आणि त्याने निरोप जसाच्या तसा सांगितला.

नेमक्या त्याच दिवशी शेजारगावचे एक कीर्तनकार बाईकडे आले होते. त्यांच्याकडे स्वतःचा तंबोरा होता. ते म्हणाले, “मी उद्या खाली उतरतोय, महिनाभर येणार नाही. तुला पौर्णिमेपुरता हवा असेल तर ठेवून जातो. माझं काय, मी चिपळ्यांवर भागवेन.”

बाईने गोसाव्याकडे बघितलं. गोसाव्याने मान डोलावली. “लवकर पोचेल म्हणालेत.”

“मग तुमची अडचण कशाला करू?” बाई कीर्तनकारांना म्हणाली. “माझा येतोच आहे.”

कीर्तनकार दशमीला आपला तंबोरा घेऊन डोंगर उतरले. बाई त्या दिवसापासून वेशीवरच्या दगडावर जाऊन बसू लागली. एकादशी गेली, द्वादशी गेली. त्रयोदशीला भावजय म्हणाली, “अहो वन्सं, वाट बघून गाडी येत असती तर आम्ही सगळेच येऊन बसलो असतो.” बोलली ती थट्टेनेच, पण बाईला रात्री झोप लागली नाही.

इकडे आलोचराव पहिल्या बाजारात गूळ उतरवत होता, दुसऱ्या बाजारात चहा पीत होता. त्याच्या मते सगळं वेळेवर चाललं होतं. आणि खरंच, त्याने मनाशी धरलेल्या आठ दिवसांत एका दिवसाचाही फरक पडला नाही. चतुर्दशीच्या संध्याकाळी त्याची गाडी वेशीत शिरली.

“बघा ताई,” तो हसत म्हणाला, “पौर्णिमेच्या आत आणला की नाही?”

बाईने पेंढा बाजूला केला. तिने गोधडी सोडली. तबलीवर घोडीपासून कडेपर्यंत एक चीर गेली होती. तिने तार छेडली, तर तंबोरा घुमला नाही, नुसता खरखरला.

आलोचराव वाकून बघत राहिला. “गाडीत एक धक्का बसला नाही हो,” तो म्हणाला. आणि ते खरं होतं.

पौर्णिमेला बाई तंबोऱ्याशिवाय गायली. आवाज गोड होता, सगळ्यांनी तसं म्हटलंही. पण आधाराला सूर नसला की गळा आपोआप वर सरकतो. तसा तो सरकला. पंचांना कळण्याआधी तिचं तिला कळलं. तरी तिने गाणं अर्धवट सोडलं नाही, पूर्ण करून नमस्कार केला आणि खाली बसली. खोली दुसऱ्या एका गवयाला मिळाली.

आलोचराव मंडपाच्या मागे उभा होता. आता ही बाई आपल्याला चार माणसांत फाडून खाणार, असं त्याला वाटत होतं. त्याने उत्तरंही जमवून ठेवली होती. रस्ता खराब, थंडी फार, तारा कुणी चढवल्या ते चाचांना विचारा.

बाई त्याच्याजवळ आली. तिने एकच गोष्ट विचारली.

“दादा, निघताना किती दिवस लागतील ते तुम्हाला ठाऊक होतं का?”

जमवलेली उत्तरं त्याने टाकून दिली.

“होतं,” तो म्हणाला. “आठ.”

“मग आठ सांगायचे होते. आठही चालले असते मला. मी कीर्तनकारबुवांचा तंबोरा ठेवून घेतला असता.”

आलोचरावाची मान खाली गेली. आजवर लोक त्याच्यावर ओरडले होते, त्याच्या गाडीवर थुंकलेही होते. तेव्हा त्याला लाज वाटली नव्हती. ती आज वाटली. आपल्या एका गोड शब्दाच्या भरवशावर एका म्हाताऱ्याने तारा चढवल्या आणि एका बाईने हाती आलेला तंबोरा नाकारला, हे त्याच्या पहिल्यांदाच ध्यानात आलं.

इतक्यात पंचांपैकी एक म्हातारा काठी टेकत आला. तो बाईला म्हणाला, “गळा चांगला आहे पोरी, सुराला आधार नव्हता इतकंच. पायथ्याच्या गणपतीपुढे पौषातल्या शुद्ध चतुर्थीपासून रोजचं गाणं सुरू करायचंय. तिथेही खोली आहे, लहान आहे. तंबोरा घेऊन उभी राहशील तर ती सेवा तुझी. पण हो की नाही ते आत्ता सांग. नाही म्हणालीस तर मला दुसरीकडे माणूस धाडायला हवा.”

बाईने मनाशी तिथी मोजल्या. एकोणीस दिवस होते. ती आलोचरावाकडे वळली.

“दादा, हा दुरुस्त होऊन परत कधी येईल?”

आता काय सांगावं? बाईचे डोळे रडून लाल झाले होते. ‘लवकर आणतो’ हे शब्द त्याच्या ओठांवर येऊन उभेच होते. त्याने ते गिळले. आयुष्यात पहिल्यांदा तो गिऱ्हाइकासमोर बोटांवर हिशेब करू लागला. बैल दमलेत, एक दिवस विसावा. जायला चार. चाचांच्या हातात दुसरं काम असलं तर एक दिवस थांबावं लागेल. नवी तबली चिकटवून तिचा सरस वाळायला सहा. यायला चार. आकडा एवढा मोठा झाला की त्याला तो सांगायची भीती वाटली. पण त्याने सांगितला.

“सोळा दिवस, ताई. त्याच्या आत नाही जमायचं.”

बाईने तिथी पुन्हा मोजल्या. मग म्हणाली, “नव्या तारा बसायला तीन दिवस लागतात. सोळा आणि तीन, एकोणीस.” ती पंचांकडे वळली. “हो म्हणते मी.”

परतीच्या वाटेवर बाजारगावांचा फाटा आला, तेव्हा बैल सवयीने आपणच तिकडे वळले. आलोचरावाने उतरून त्यांना सरळ रस्त्याला लावलं. चाचांनी चीर बघितली, आणि बराच वेळ तिच्यावरून बोट फिरवलं.

“चाचा, चूक माझी आहे,” तो म्हणाला.

“तुझी आहेच,” चाचा म्हणाले. “पण तुझ्या ‘लवकर’चे मी तीन-चार दिवस केले, ती माझी. तिसऱ्यांदा विचारायला हवं होतं, आणि आकडा मिळेपर्यंत तंबोरा द्यायला नको होता. आता सांग, इथून निघालास की किती दिवस?”

“चार. मधे कुठे वळणार नाही. पण तारा उतरवूनच द्या, ताई तिथे चढवतील.”

सोळाव्या दिवशी दुपारी गाडी डोंगरावर पोचली. वेशीत कुणी नव्हतं. बाईच्या दारातही कुणी नव्हतं. आलोचराव गाडीतून उतरून इकडेतिकडे बघू लागला. हिने आपला भरवसा धरलाच नाही, असं त्याला वाटलं. तेवढ्यात भावजय बाहेर आली.

“आलात का? वन्सं नदीवर धुणं घेऊन गेल्यात. जाताना सांगून गेल्या, आज गाडीवानदादा येतील, दमून येतील, त्यांचं बघा. बैलांना वैरण टाकलीय तिकडे. तुम्ही हातपाय धुवा, भाकरी तव्यावरच आहे.”

आलोचराव ओसरीवर बसला. ताटात गरम भाकरी, पिठलं आणि कांदा होता. इतकी वर्षं तो गावोगाव गेला होता, पण तो कधी येईल हे कुणालाच माहीत नसल्यामुळे त्याच्यासाठी आधीपासून चूल कुणी पेटवली नव्हती. त्याचे डोळे भरून आले. मग त्याने पुसले आणि चार भाकऱ्या खाल्ल्या.

चतुर्थीला बाई पायथ्याच्या देवळात गायली. सूर जागचा हलला नाही. संध्याकाळी तिने आपलं बोचकं त्या लहानशा खोलीत नेऊन ठेवलं, दार आतून लावून घेतलं, आणि आवाज न दाबता पुन्हा एकदा गायली.

आलोचराव पुढे गिऱ्हाइकांना दिवस सांगू लागला. सुरुवातीला निम्मी गिऱ्हाइकं तोंड वाकडं करून गेली. त्यांतली बरीचशी परत आली. गावाने मात्र त्याचं आलोचराव हे नाव काही सोडलं नाही. नाव ठेवायला गावाला वेळ लागत नाही, काढायला लागतो. किती, ते कुणीच सांगत नाही.

तात्पर्य: आपल्या शब्दावर दुसरा आपली कामं बेतत असतो. म्हणून ‘लवकर’ सांगून त्याला खूश करण्यापेक्षा, ठाऊक असलेला दिवस सांगावा, तो कितीही लांबचा असो.