कढीवालीचे विरजण

घाटाच्या पायथ्याशी वसलेल्या एका गावात एक कढीवाली राहत असे. घाट चढण्यापूर्वी वाटसरू तिच्या ओसरीवर टेकत आणि गरम भाताबरोबर तिची कढी भुरकत. तशी चव दुसऱ्या कोणत्याही घरी उतरत नसे. कारण ती चव तिच्या विरजणाची होती.

तरुणपणी ती हे विरजण मागेल त्याला देत असे; हवे तेव्हा मिळते म्हणून गावात कुणी ते जपून ठेवले नाही. पुढे लोकांची वाखाणणी कानांवर पडू लागली आणि तिचा हात आखडला. दही ती फडताळात कुलूप लावून ठेवी आणि बाहेर केवळ उकळलेली कढी वाढी. उकळलेल्या दह्याने दूध विरजत नाही, हे तिला ठाऊक होते.

"सासूबाई, थोडे विरजण मला वेगळे लावू द्या," सून म्हणे. "उद्या तुम्ही अंथरुणाला खिळलात, तर काय करायचे?"

"मला खिळवायची फार घाई झालेली दिसते तुला," सासू उत्तर देई. "माझ्यामागे लोकांनी म्हटले पाहिजे, अशी कढी पुन्हा होणे नाही. माणसाची आठवण राहते ती अशी."

"आठवणीवर भात कालवता येतो का?"

"जीभ आवर, आणि भात उतरव. करपतो आहे."

एका उन्हाळ्यात कढीवाली तापाने फणफणली. फडताळाची किल्ली तिने उशाखाली ठेवली. सुनेने ती परोपरीने मागितली. सासूने दिली नाही. ताप उतरल्यावर तिने स्वतः फडताळ उघडले, तेव्हा मडक्यातील दह्यावर काळी बुरशी दाटली होती.

सुनेने शेजारून दही आणून कढी केली. ओसरीवरच्या एका वाटसरूने भुरका घेतला आणि वाटी खाली ठेवली. "म्हातारी गेली वाटते," तो सोबत्याला म्हणाला. "अशी कढी पुन्हा मिळायची नाही."

कढीवाली दाराआड उभी होती. इतकी वर्षे ज्या वाक्याची तिने आस धरली, ते तिला जिवंतपणीच ऐकू आले. समाधान मात्र वाटले नाही. हळूहळू ओसरी ओस पडू लागली.

त्याच सुमारास शेजारणीची लेक नदीपलीकडच्या सासरहून माहेरी आली आणि कढीवालीच्या समाचाराला आली. तिच्या हातात एक लहानसे गाडगे होते.

"काकू, तापाने तोंडाची चव गेली असेल, म्हणून घरचे दही आणले."

कढीवालीने दही जिभेवर ठेवले आणि तिचा हात थबकला. तिला आपल्या आईचे सारवलेले स्वयंपाकघर आठवले, शिंक्यावरचे मडके आठवले. सासरी निघताना आईने असेच एक गाडगे तिच्या मांडीवर ठेवले होते. "गाडीचा हिसका बसू देऊ नकोस गं," एवढेच आई म्हणाली होती. हे माझे आहे, असे ती कधीही म्हणाली नव्हती.

"हे कुठले गं?" तिने विचारले.

"तुमचेच की, काकू. माझ्या लग्नात तुम्हीच दिले होते. आता आमच्या गावात घरोघरी हेच आहे."

कढीवालीने गाडगे जपून खाली ठेवले. मग तिने कमरेची किल्ली काढून सुनेच्या हातावर ठेवली. "आज विरजण तू लाव. आणि आळीत विचारून ये, कुणाकुणाला हवे आहे."

"मग आता कुलूप तरी कशाला, सासूबाई?" सून म्हणाली. त्यावर, कित्येक दिवसांनी, म्हातारी हसली.

या गोष्टीला फार वर्षे लोटली. ती ओसरी आता नाही. कढीवालीचे नावही कुणाला सांगता येत नाही. परंतु त्या खोऱ्यातील लेक सासरी निघाली, की तिच्या मांडीवर एक गाडगे असते. कुणी विचारले, "हे विरजण कुणाचे?" तर ती म्हणते, "आमच्या आईचे."

तात्पर्य: आपल्यामागे आपली उणीव भासावी, यापेक्षा आपला गुण उरावा, अशी इच्छा धरावी, आणि तो गुण आपल्या हयातीतच वाटून टाकावा.