प्रश्न क्रमांक एकोणचाळीस

विषय: शिपाईभरतीची मानसशास्त्रीय चाचणी. संदर्भ: प्रश्न क्रमांक एकोणचाळीसला उमेदवार कांचन काळे यांनी दिलेले उत्तर.

प्रश्न होता, ‘तुम्हाला पोलिसांची भीती वाटते का?’ कांचनने ‘होय’वर खूण केली होती. धावण्यात ती पहिली आली होती. आता नोकरी या एका खुणेवर अडली.

मुलाखतीत मोहितेसाहेब मिशीत हसले. “पोलिसांना घाबरतेस, आणि पोलिसातच यायचंय?”

“म्हणूनच यायचंय, साहेब. वडिलांना चौकशीला ठाण्यात नेलं, ते परत आले नाहीत. ठाण्यात गेलेलं माणूस न चुकता घरी येतं, असं फक्त तिथल्या नोकरीवाल्यांचंच पाहिलंय.”

साहेबांनी बराच वेळ चष्मा पुसला. मग नियमानुसार अर्ज चारित्र्य पडताळणीसाठी त्याच ठाण्यात पाठवला.

तो अद्याप परत आलेला नाही.